पडद्याआडची तपासणी

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात विमानतळ नाही. रेल्वेसुद्धा मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी जिल्ह्याच्या वरच्या काठानं निघून जाते. चिखली, मेहकर, लोणारकडच्या माणसाला तिची शिट्टीही ऐकू येत नाही. तरीही मैत्रिणींनो, गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्यातल्या कितीजणी विमानात बसून आल्या ते मोजायला गेलं, तर हाताची बोटं पुरायची नाहीत. कुणाचा मुलगा बंगळुरूला, कुणाची लेक हैदराबादला, तर कुणाच्या सुनेचं बाळंतपण थेट टेक्सासमध्ये! मग डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतशोपा बांधून आई नाहीतर सासूबाई चिकलठाण्याला, नागपूरला किंवा मुंबईला निघतात. (सुकं खोबरं मात्र मोठ्या बॅगेत टाकू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ पासून त्याला बंदी आहे. आमच्या गटातल्या दोघींचं खोबरं विमानतळावरच राहिलं.)

तिकीट मुलं काढून देतात. कुठल्या रांगेत उभं राहायचं, खिडकीची जागा कशी मागायची, पट्टा कसा बांधायचा, सगळं फोनवर शिकवतात. एक गोष्ट मात्र मुलगा आईला सांगत नाही आणि सुनेलाही ती सासूबाईंना सांगायला सुचत नाही. विमानाच्या आधी एक पडदा लागतो. त्या पडद्याआड काय होतं आणि काय व्हायला नको, हे घरून निघतानाच ठाऊक असलेलं बरं.

तर होतं असं. पर्स, मोबाइल, हातातली पिशवी एका ट्रेमध्ये ठेवायची. ती यंत्रातून पुढे जाते. आपण एका चौकटीतून जायचं. पुढे बायकांसाठी पडदा लावलेली छोटी खोली असते. आत गणवेशातली बाई. एका लहानशा पाटावर उभं राहायचं, हात पसरायचे. ती हातातलं यंत्र अंगावरून फिरवते. मंगळसूत्रापाशी ते वाजतं, जोडव्यांपाशी वाजतं, साडीला लावलेल्या सेफ्टी पिनांपाशी तर हमखास वाजतं! मग ती हातानं चाचपून बघते, चिठ्ठीवर शिक्का मारते, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम. मंगळसूत्र उतरवायचं काही कारण नसतं. बहुतेकींना यात काहीच त्रास होत नाही, हेही सांगायला हवं. उगाच घाबरून कुणी लेकीकडे जायचं टाळू नका.

ही तपासणी हवीच. नीरजा भनोतचं नाव आपल्याला माहीत आहे. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं तिचं विमान कराचीत उतरलं, तेव्हा अपहरण करणारे विमानतळाच्या सुरक्षा रक्षकांचा वेश करून विमानात घुसले होते. त्याच्या आदल्या वर्षी एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात सामानातून बॉम्ब गेला आणि ३२९ माणसं समुद्रात संपली. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान कंदाहारला नेलं. त्यानंतरच, २००० सालापासून, आपल्या विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे जायला लागली. त्याआधी ते काम त्या त्या राज्याचे पोलीस करायचे. २००१ मध्ये एकानं बुटात स्फोटक नेलं, तर जगभर बूट काढायला लावायला लागले. २००६ मध्ये लंडनला पातळ पदार्थांचा कट उघडकीस आला, तर परदेशी जाताना हातातल्या पिशवीतली तेलाची बाटली १०० मिलिलिटरवर आली. प्रत्येक घटनेनं मागे एक नियम ठेवला. घटना जुनी झाली, नियम राहिला. आणि यातला एकही नियम बनवताना, आपल्यासारख्या बाईच्या अंगावर तो कसा लागू होईल, हे कुणी तिला विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या बचत गटात एक काकू आहेत. वय बासष्ट. काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढावी लागली. तेव्हापासून त्या ब्लाउजच्या आत सिलिकॉनचं पॅड ठेवतात. आम्हा दोघी-तिघींशिवाय हे गटात कुणाला माहीत नव्हतं. लेकीकडून परत येताना एका विमानतळावर तपासणी करणारीच्या हाताला ते लागलं. "ये क्या है?" काकूंना हिंदी कळतं, पण ऐन वेळी शब्दच फुटेना. "निकाल के दिखाओ." पडदा अर्धवट सरकलेला, पलीकडे माणसांची रांग. काकूंनी काढून दाखवलं. तिनं हातात घेऊन उलटसुलट केलं आणि परत दिलं.

त्या घरी आल्या, लाडू वाटले, नातवाचे फोटो दाखवले. हे मला सांगितलं ते चार महिन्यांनी, गटाची बैठक संपल्यावर सतरंजी घडी करताना. "मले त वाटलं, धरतीमायनं पोटात घ्यावं. पण बोलू कशी वं ताई? सरकारी बाई होती ते." जावयाला कळू नये म्हणून त्यांनी लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या गणवेशातल्या मुलीवर मी राग काढणार नाही. आठ-आठ तास उभं राहून शेकडो अनोळखी बायकांचं अंग चाचपणं हे काही सुखाचं काम नव्हे. कदाचित असं पॅड तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असेल. पण काकू मुकाट्यानं का उतरवत गेल्या, याचं उत्तर मला आपल्या घरांत सापडतं. चार लोकांत तोंड उघडू नये, अंगाबद्दल तर मुळीच बोलू नये, हे आपण पाजलेलं बाळकडू.

जिनं तोंड उघडलं, तिची गोष्टही सांगते. अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन. मुंबईत वाढलेल्या. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला, जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या आणि 'नाचे मयूरी' या सिनेमात त्यांनी स्वतःचीच कहाणी केली. आपल्या पिढीनं तो पाहिलेला आहे. साऱ्या देशानं जिच्या पायाचं कौतुक केलं, तिला दर वेळी विमानतळावर तो पाय काढून दाखवायला सांगत. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी एक व्हिडिओ करून थेट पंतप्रधानांना विनंती केली की, आमच्यासारख्यांना काहीतरी ओळखपत्र द्या, हे सारखं सारखं सहन होत नाही. दुसऱ्याच दिवशी सीआयएसएफनं माफी मागितली. त्या माफीनाम्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कृत्रिम अवयव फक्त अपवादात्मक परिस्थितीतच काढायला लावायचा असा नियम आहे, असं दलानंच सांगितलं. म्हणजे नियम चांगला होता. तो पडद्याआड पोचला नव्हता.

पुढे पाचच महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, गुवाहाटी विमानतळावर ऐंशी वर्षांच्या एका आजींच्या बाबतीत याहून वाईट घडलं. खुब्यात धातूचा सांधा बसवलेला, त्यामुळे यंत्र वाजलं. आजींना आतले कपडेसुद्धा उतरवायला लावल्याची तक्रार त्यांच्या मुलीनं जाहीरपणे केली. केंद्रीय मंत्र्यांनी दखल घेतली, तपासणी करणाऱ्या महिला कर्मचारीला निलंबित केलं. गुडघ्याची आणि खुब्याची ऑपरेशनं आता आपल्याकडेही घरोघरी झाली आहेत. बुलडाण्यात नसली तरी अकोल्याला, संभाजीनगरला जाऊन बायका करून घेतात. त्या प्रत्येकीच्या अंगात वाजणारा धातू आहे.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयातही हा विषय आला होता. जीजा घोष या अपंग कार्यकर्तीला २०१२ मध्ये कोलकात्यात विमानातून खाली उतरवलं होतं. २०१६ च्या निकालात न्यायालयानं तिला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्याच प्रकरणाच्या पुढच्या सुनावणीत, डिसेंबर २०२१ मध्ये, माणसाची प्रतिष्ठा राखायची तर विमानतळावर कृत्रिम अवयव काढायला लावू नये, असं न्यायालयानं म्हटलं. मग तपासायचं कसं? त्यालाही सोपा उपाय आहे. एक कापडाची पट्टी अवयवावरून, हातावरून फिरवतात आणि यंत्रात घालतात. स्फोटकाचा कण असेल तर यंत्र सांगतं. कपडे उतरवायचे नाहीत, पाय काढायचा नाही. हीच पट्टी काकूंच्या ब्लाउजवरूनही फिरवता आली असती.

अटक झालेल्या बाईची झडतीसुद्धा दुसऱ्या बाईनंच घ्यायची आणि सभ्यता काटेकोर पाळून घ्यायची, हे आपला फौजदारी प्रक्रियेचा कायदा वर्षानुवर्षं सांगत आला. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेतही ते कायम आहे. नातवाला भेटायला निघालेल्या आजीचा मान आरोपीपेक्षा कमी कसा चालेल?

अमेरिकेला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी थोडं. तिथे पूर्ण अंगाचं चित्र घेणारं यंत्र असतं. आपण हात वर करून उभं राहायचं. २००९ च्या नाताळात एकानं अंतर्वस्त्रात स्फोटक लपवून नेलं, त्यानंतर ही यंत्रं भराभर बसवली. सुरुवातीच्या काही यंत्रांत माणूस कपड्यांशिवाय असावा असं चित्र दिसायचं. लोकांनी ओरड केली, कोर्टात गेले, अखेर २०१३ मध्ये तसली यंत्रं काढून टाकावी लागली. आता नुसती बाहुलीची आकृती दिसते आणि संशयाच्या जागी चौकोन येतो. पण त्या बाहुलीनं साडी नेसलेली नसते, हे विसरू नका! निऱ्यांचा घोळ आणि पदराची घडी दिसली की बाजूला घेणं आलंच. डिसेंबर २०१० मध्ये मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन विमानतळावर खुद्द भारताच्या राजदूत मीरा शंकर यांना साडी नेसल्यामुळे बाजूला घेऊन हातानं तपासलं होतं. राजदूत असल्याचं सांगूनही! आपल्या सरकारनं तेव्हा निषेध नोंदवला. तिथे वेगळ्या खोलीत तपासणी मागायचा आणि सोबत आपलं माणूस न्यायचा हक्क आहे. इंग्रजी येत नसेल तर सुनेकडून एका कागदावर दोन ओळी लिहून घ्या आणि तो पासपोर्टमध्ये ठेवा.

आपल्याकडेही अशी यंत्रं मोठ्या विमानतळांवर बसवायचे आदेश २०१९ मध्ये निघाले. मुदत पुढे पुढे सरकत राहिली. माझं मत विचाराल तर, बाहुली दाखवणारं यंत्र हाताच्या चाचपणीपेक्षा बरंच. फक्त ती बाहुलीच राहील, चित्र साठवलं जाणार नाही, याची हमी कुणीतरी लेखी द्यायला हवी.

तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला कुठं विमानात बसायचंय? पण विमानतळावरची झडती केव्हाच आपल्या गावात येऊन पोचली आहे. 'नीट'च्या परीक्षेला लेकीला घेऊन गेलेल्या आयांना विचारा. कानातलं काढा, नथ काढा, केसांचं क्लिप काढा, बाह्या लांब नकोत. जुलै २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या वाशीममध्ये परीक्षा केंद्रावर मुलींना हिजाब काढायला लावल्याची तक्रार पोलिसांत गेली. धर्माच्या पोशाखातल्या मुलींनी लवकर यावं, त्यांची नीट तपासणी करून त्यांना त्याच पोशाखात बसू द्यावं, असं परीक्षेच्या नियमांत असूनही! मे २०२३ मध्ये सांगलीच्या एका केंद्रावर मुलींना कपडे उलटे करून घालायला लावल्याची तक्रार झाली. दोन वर्षं रात्रीचा दिवस करून अभ्यास केलेली अठरा वर्षांची पोर पेपरच्या आधी तासभर रडत असेल, तर तिनं काय सोडवायचं? विमानतळावर निदान पडदा तरी असतो.

अंगाची झडती निदान आपल्याला कळते. चेहऱ्याची कळतही नाही. हल्ली विमानतळाच्या दारात 'डिजियात्रा' नावाचा प्रकार आहे. मोबाइलमध्ये अ‍ॅप घ्यायचं, आधार जोडायचं, स्वतःचा फोटो काढून द्यायचा. मग दारात कॅमेऱ्याकडे बघितलं की फाटक उघडतं, कागद दाखवावा लागत नाही. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत सुरुवात झाली. पुण्यात मार्च २०२३ अखेर आणि मुंबईत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं. सोय आहे, खोटं कशाला बोलू? गुडघे दुखणाऱ्या बाईला रांग चुकली तर हवीच असते.

पण दोन गोष्टी कानावर असू द्या. पहिली, हे ऐच्छिक आहे. घेतलं नाही म्हणून विमानात बसता येत नाही, असं मुळीच नाही. तरी २०२४ च्या सुरुवातीला तक्रारी आल्या की, दारातली मुलं प्रवाशांना न सांगता, न विचारता फोटो काढून घेतात आणि नाव नोंदवून टाकतात. सरकारला पुन्हा खुलासा करावा लागला की, सक्ती नाही. दुसरी गोष्ट, ही माहिती कुणाकडे जाते? डिजियात्रा फाउंडेशन ही एक कंपनी आहे. तिच्यात सरकारच्या विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकीचा पाच मोठे विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांचा. प्रवासानंतर २४ तासांत विमानतळाकडची माहिती पुसली जाते, असं सांगतात. खरंही असेल. पण माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून विचारावं म्हटलं, तर हा कायदा या कंपनीला लागूच नाही असं उत्तर मिळतं. आम्ही रेशनच्या दुकानापासून घरकुलाच्या यादीपर्यंत माहितीच्या अधिकारानं कागद मागवून घेतलेल्या बायका, आम्हाला हे उत्तर कसं पटावं?

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की, खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, कारण खरं हवं आणि गरजेपुरताच हात घालावा. त्यानंतर माहितीच्या संरक्षणाचा कायदा यायला २०२३ साल उजाडलं, त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर. आणि त्या कायद्यात सरकारनं स्वतःच्या खात्यांना सूट द्यायची सोयही ठेवली आहे. चेहऱ्याचं कसं असतं, बँकेचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा कुठून बदलून आणायचा?

आता कामाचं बोलू. अंगात धातूचा सांधा असेल, पेसमेकर असेल, कर्करोगाचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांच्या कागदाची एक प्रत पर्समध्ये वरच ठेवा. अपंगत्वाचं कार्ड असेल तर तेही. यंत्र वाजायच्या आधी आपणच सांगायचं: "मेरा ऑपरेशन हुआ है, अलग कमरे में देखिए." पडदा नीट लावलेला नसेल तर "परदा लगाइए" म्हणायला काही शिक्षण लागत नाही. काही काढायला सांगितलं तर "आपल्या वरच्या मॅडमना बोलवा" म्हणा. गणवेशावर नाव असतं, ते वाचून ठेवा. तक्रार करायची तर 'एअरसेवा' हे सरकारी पोर्टल आणि अ‍ॅप आहे, घरातल्या नातवाकडून त्यावर टाकता येते. आमच्या गटात हे सगळं आम्ही एका कागदावर मराठीत आणि हिंदीत लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या. काकूंनी दोन घेतल्या. एक स्वतःला, एक त्यांच्या विहीणबाईंना.

मागच्या महिन्यात मी स्वतः प्रवासाला निघाले होते. दारातच एक टाय लावलेला मुलगा हसत हसत पुढे आला, हातात टॅबसारखं काहीतरी. "आंटी, इधर देखिए." मी विचारलं, "किसलिए?" तो थोडा गडबडला. "जल्दी हो जाएगा आंटी, सब करते हैं." मी म्हटलं, "मुझे जल्दी नहीं है बेटा." त्यानं बाजूच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथे माझ्यापुढे चारच माणसं होती. आधार कार्ड आणि तिकीट दाखवलं, दारातल्या जवानानं ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जाऊ दिलं. सगळं मिळून तीन मिनिटं लागली असतील.